थंडीत काच धुरकटते आणि मार्चमध्ये एसी गार करत नाही, मूळ एकच

पहाटे साडेपाचला गाडी काढली आणि रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडीपर्यंत पोचेस्तोवर पुढची काच आतून पांढरी. हातानं पुसली की दोन मिनिटांत पुन्हा तेच. ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकोणीस वर्षं बघतोय. त्यातल्या कितीतरी गाड्या मार्चमध्ये परत येतात. तेव्हा तक्रार वेगळी असते, "गेल्या उन्हाळ्यात झकास होता, आता नुसता वारा येतोय बघा की." दिवाळीला बंद केलेलं एसीचं बटण शिमग्यापर्यंत कुणी दाबलेलंच नसतं, आणि दोन्ही तक्रारी तिथूनच सुरू होतात.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्या गाडीत काय होतंय ते आधी नीट ओळखा. पुढचा सगळा तपास त्यावरच चालतो.

काच आतून धुरकटते, विशेषतः गाडीत तीन-चार माणसं असली की. किंवा काच बाहेरून धुरकटते, म्हणजे वायपर मारला की साफ होते. पंखा लावला की पहिल्या मिनिटाला ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो. डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागी मॅटखालचं कार्पेट ओलं लागतं. काचेवर चिकट, तेलकट थर बसतो, तो पाण्यानं जात नाही आणि गाडीत गोडसर वास येतो. हीटर लावूनही पंधरा-वीस मिनिटं गार वाराच येतो. एसीचं बटण दाबलं की दिवा लागतो, पण इंजिनात काहीच फरक जाणवत नाही.

काच आतून धुरकटतेय की बाहेरून, हे बोट फिरवून बघा. साधी गोष्ट आहे, पण निम्मा घोळ इथंच होतो, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

थंडीत एसी कशाला?

एसी हवा गार करतो, आणि गार करता करता ती कोरडीही करतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते, ती तीन-चार अंशांपर्यंत उतरते. तिच्यावरून हवा गेली की हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन बसते आणि नळीतून गाडीखाली गळते. पुढं हीच हवा हीटरच्या कॉइलवरून नेली की ती उबदार होते आणि कोरडीही राहते. म्हणून एसीचं बटण चालू आणि तापमानाचा नॉब लाल बाजूला, हे दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. ग्राहकाला हे सांगितलं की तो माझ्याकडे बघत राहतो. एसी आणि हीटर एकत्र लावले की काहीतरी बिघडेल, अशी भीती लोकांच्या मनात घट्ट बसलीय. काही बिघडत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी ती तशीच बनवलीय. कितीतरी गाड्यांत पुढच्या काचेचं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो, तो याचसाठी.

थोडा हिशेब सांगतो. माणूस नुसता बसून असला तरी श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसांचं झालं दीडशे ग्रॅमच्या आसपास. आता हवा किती पाणी धरते? २५ अंशांची एक घनमीटर हवा २३ ग्रॅम वाफ धरू शकते, १५ अंशांची जेमतेम १३ ग्रॅम. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १४-१५ अंशांवर येतं, म्हणजे काचही तेवढीच गार. छोट्या गाडीतली हवा तीन घनमीटर धरा. काचेजवळ ती चाळीसेक ग्रॅमपेक्षा जास्त वाफ पेलू शकत नाही. चार माणसं, बंद काचा, हवा आतल्या आतच फिरतेय, तर पंधरा मिनिटंही लागत नाहीत काच पांढरी व्हायला.

तीच हवा कूलिंग कॉइलवरून काढली तर तिच्यात घनमीटरमागं सहा-साडेसहा ग्रॅमच वाफ उरते. ती काचेवर पडली की काचेवरची वाफ शोषून घेते. कपडे वाळत घालावेत तसंच.

खर्च काहीच नाही: आधी बटणं बघा

आतून धुरकटत असेल तर एवढं करा. एसी चालू. हवा बाहेरून घेण्याची सोय चालू, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण बंद. वाऱ्याची दिशा काचेवर. नॉब उबदार बाजूला. पंखा दोन-तीनवर. इंजिन तापायला पाच-दहा मिनिटं लागतात तोवर वारा गार येईल, पण काच त्याआधीच मोकळी व्हायला लागते, कारण काम कोरडेपणा करतो, ऊब नंतर येते.

गोल बाणाचं बटण हा थंडीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. उन्हाळ्यात लवकर गार व्हावं म्हणून ते दाबलेलं असतं आणि तसंच राहतं. मग चार जणांचा श्वास आतल्या आत फिरत राहतो.

पुढच्या आणि मागच्या काचेच्या बटणांतही गल्लत होते. पुढच्या काचेचं चिन्ह पंख्यासारखं वर पसरट असतं, मागच्याचं सरळ चौकोनी. मागच्या काचेत तापणाऱ्या तारा असतात, एसीचा त्यांच्याशी संबंध नाही.

बाहेरून धुरकटणं मला जास्त करून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणाऱ्यांकडून ऐकायला मिळतं. वर गारवा, खाली कोकणातली दमट, उबदार हवा. एसीचा गार वारा काचेवर मारत उतरलात की काच बाहेरच्या हवेपेक्षा गार होते आणि बाहेरची वाफ तिच्यावर बसते, गार पाण्याच्या तांब्यावर बसते तशी. इथं वायपर मारा, नॉब उबदार बाजूला फिरवा आणि वाऱ्याची दिशा काचेवरून काढून पायांकडे करा. घाटात काच पुसायला फडकं शोधत बसू नका, आधी सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या.

एवढं करूनही फरक पडला नाही, तरच पुढं वाचा.

फडकं आणि अर्धा तास

काच आतून स्वच्छ पुसा. धूळ, बोटांचे ठसे आणि डॅशबोर्डवरच्या चकचकीत पॉलिशचा थर, यांच्यावर वाफ लवकर धरते. आधी साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं, मग साधं ओलं, मग कोरडं. डॅशबोर्डला पॉलिश मारणं थंडीपुरतं तरी बंद करा.

मग गाडीत ओलं काय आहे ते शोधा. धुऊन न वाळवता टाकलेल्या मॅट, डिकीतला ओला टॉवेल, दुधाच्या किटलीखालची गोणी. ओलं कार्पेट उन्हात दार उघडं ठेवून एक दिवस वाळवलं की ज्यांना एसीचा दोष वाटत होता, त्यांची काच साफ राहिल्याचं मी पाहिलंय.

केबिन फिल्टर, आणि आपल्याकडचा ऊस

गाडीत येणारी हवा गाळणारा हा फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागं झाकण दिसतं. झाकण काढा, फिल्टर सरकवून बाहेर घ्या. कुठल्या बाजूनं वारा जातो त्याचा बाण फिल्टरवर असतो, तो लक्षात ठेवा. किंमत दोनशे ते सहाशेच्या दरम्यान.

पुस्तकात फिल्टर दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदला असं असतं. कोल्हापूर जिल्ह्यात मी ते मानत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की शेतात पाचट पेटतं, कारखान्याच्या धुराड्यातून राख उडते, आणि ती काळी पापुद्र्यासारखी काजळी हवेबरोबर थेट या फिल्टरवर येऊन बसते. शिरोळ, करवीर, कागल भागात रोज फिरणारी गाडी असेल तर हंगामाच्या मध्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा फिल्टर उघडून बघाच. फिल्टर तुंबला की पंखा चारवर ठेवूनही काचेपर्यंत पुरेसा वारा पोचत नाही. कॉइल हवा कोरडी करतेय, पण ती काचेवर पडतच नाही. शिवाय वारा कमी पडला की कॉइलवर बर्फ धरण्याचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट उंदीर. ऊस तुटला की रानातले उंदीर आसरा शोधतात, आणि वस्तीकडेला रात्री उभी केलेली उबदार गाडी त्यांना बरी वाटते. फिल्टरच्या खाचेत पाचटाचे तुकडे, कापसाचा गोळा, लेंड्या दिसल्या तर हात घालू नका. तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, पंखा लावू नका. ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या आत घरटं असेल तर ते खोलूनच साफ करावं लागतं. वायर कुरतडल्यात का तेही त्याच वेळी कळतं.

कुबट वास येत असेल आणि फिल्टर चांगला असेल, तर ओल्या कॉइलवर बुरशी धरलीय. घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा आणि पंखा चालूच ठेवा, म्हणजे कॉइल वाळते. महिनाभर ही सवय ठेवली की नवा वास धरत नाही. जुना वास मात्र फवारा मारून कॉइल धुतल्याशिवाय जात नाही. सुगंधी डबी लावून तो झाकू नका.

कार्पेट ओलं: पाणी कुठलं?

पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर कॉइलखालची निचऱ्याची नळी तुंबलीय, पाणी गाडीबाहेर पडायच्या ऐवजी आत सांडतंय. गाडीखाली डाव्या बाजूला, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून एक रबरी नळी बाहेर आलेली दिसते. गाडी रॅम्पवर असेल तरच खाली जा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. नळीचं टोक दाबून मोकळं करा, वाटल्यास हलकी फुंकर मारा. कडक तार आत ढकलू नका, मागं कॉइल आहे. आणि थंडीतल्या दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा एसी लावूनही थेंब पडत नाहीत. नळी तुंबलीय असं लगेच धरू नका, पहाटे बघा.

पाणी हिरवं, गुलाबी किंवा लालसर असेल, बोटाला चिकट लागत असेल, गोड वास येत असेल, तर ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. हीटरची कॉइल गळतेय. काचेवर बसणारा चिकट थर तोच. हे पोटात गेलं तर विष आहे, आणि गोडसर असल्यानं कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसून काढा. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, वाफेनं तोंड-हात भाजलेली माणसं मी बघितलीत. पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर इथंच थांबा, कारण हीटरच्या कॉइलसाठी बऱ्याच गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

पातळी बरोबर, पण हीटर गारच? मग दोन गोष्टी मला आधी सुचतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेस्तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलाय, तेव्हा तापमानाचा काटा वर यायला फार वेळ लावतो. किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. "गाडी तापतीय ना, थर्मोस्टॅट काढला की झालं" हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. इंजिन कायम गार राहतं, डिझेल-पेट्रोल जास्त जातं आणि थंडीत हीटर मिळत नाही. गळकी हीटर कॉइल बदलायच्या ऐवजी दोन पाइप एकमेकांना जोडून टाकलेल्या जुन्या गाड्याही येतात. जुनी गाडी घेतली असेल तर हे विचारून घ्या.

दिवा लागतो, पण एसी लागत नाही

गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, बॉनेट उघडं, दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, त्याच्या पुलीपाशी "टक" असा आवाज यायला हवा आणि पुलीच्या पुढची थाळी फिरायला लागायला हवी. पदर, मफलर, बांगड्या पट्ट्यापासून लांब ठेवा. काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसरला जोडणारा-सोडणारा हा क्लच नसतोच, तिथं टक आवाज येणार नाही. त्यावरून काही ठरवू नका.

आवाज आला नाही तर फ्यूज बघा. पेटीच्या झाकणावर नकाशा असतो. जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा जळाला तर तिसरा घालू नका आणि मोठा तर घालूच नका, कुठंतरी वायर घासलीय, आग लागू शकते. मग एसीच्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) जागी तोच आकडा असलेला दुसरा रिले लावून बघा. पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का बघा. घरच्या घरी करायचं काम इथं संपलं.

शून्याजवळच्या थंडीत काही गाड्या कॉम्प्रेसर मुद्दाम बंद ठेवतात. हिमाचलात गेलात तर तसं होऊ शकतं. कोल्हापुरात १५ अंशांना एसी लागायलाच हवा.

गॅस

आता त्या मार्चच्या तक्रारीकडे येतो. कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं एक सील असतं. ते ओलसर राहतं गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलामुळं. चार महिने एसी बंद राहिला की तेल खाली बसतं, सीलवरचा तेलाचा पापुद्रा जातो, आणि गॅस तिथून हळूहळू झिरपतो. पुढं उन्हात बटण दाबलं की गॅस इतका कमी झालेला असतो की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला लागूच देत नाही. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा, चालत्या गाडीत दहा मिनिटं एसी लावा. सोबत हीटर लावा, म्हणजे गारठाही वाजणार नाही.

गॅस कमी वाटला तरी डिसेंबरच्या पहाटे नुसता गेज (दाब मोजायचा काटा) लावून भरून घेऊ नका. आर-१३४ए या गॅसचा बंद गाडीतला दाब त्यातल्या वजनावरून ठरत नाही, तापमानावरून ठरतो. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तर १५ अंशांना गेज ५५ पीएसआयच्या आसपास दाखवतो आणि ३० अंशांना ९५ च्या आसपास. गॅस तेवढाच! थंडीत काटा खाली दिसला म्हणून "कमी आहे" म्हणत गॅस ढोसला जातो. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. थंडीत दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा गॅस टाकलेला, आणि मार्चच्या दुपारी एसी लागून लगेच सुटायचा. गॅस काढून वजन केलं. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ४०० ग्रॅम लिहिलेलं, निघाला ६२०. दाब इतका चढत होता की संरक्षणाचा स्विच एसी तोडत होता. त्या गृहस्थांनी दोनदा पैसे दिले होते ते एसी बिघडवण्यासाठीच.

तुम्ही टॉर्च घेऊन एवढं बघू शकता: पाइपांच्या जोडांवर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आणि पुढच्या कंडेन्सरच्या (गॅस गार करणाऱ्या जाळीच्या) खालच्या कडेला तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. हायवेवर उडालेले खडे कंडेन्सरलाच लागतात. असा डाग दिसला तर त्याचा फोटो काढा आणि हात लावू नका.

इथून पुढं हात घालू नका

गॅसची लाइन कुठलीही असो, जोड सैल करू नका. १३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात किंवा हातावर उडाला तर कातडी गोठते. ज्वाळेत गेला तर विषारी वायू तयार होतो. हवेत सोडलेला गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो, म्हणून चांगल्या गॅरेजमध्ये तो यंत्रानं काढून घेतात. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो पेट घेऊ शकतो आणि दोन्ही गॅस एकत्र करायचे नसतात. ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यांनी घरी गॅस भरू नका.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर नारिंगी वायर दिसली की लगेच बाजूला व्हा. त्यात शेकडो व्होल्ट असतात, आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं असतं, ते माहीत असणाऱ्याकडेच न्या. डॅशबोर्ड उतरवायचं काम एअरबॅगमुळं घरी करण्यासारखं नाही.

आणि लग्नसराईत ड्रायव्हर मंडळी रात्री गाडी चालू ठेवून, काचा लावून आत झोपतात. बंद शेडमध्ये किंवा सायलेन्सर गळका असताना आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तुमच्या गाडीवर ड्रायव्हर असेल तर त्याच्या झोपायची सोय आत कार्यालयात करा.

गॅरेजवाल्याला काय विचारायचं तेही सांगतो. गळती शोधलीत का? नायट्रोजन भरून फेस लावला की रंग टाकून बघितलं? व्हॅक्यूम, म्हणजे लाइनमधली हवा आणि ओल खेचून काढणं, किती वेळ केलं? अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर मला ते पटत नाही, आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते. गॅस वजनानं भरलात का, आणि चिठ्ठीवरचा आकडा किती? "काटा बघून भरला" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

दाखवायला येणार असाल तर सकाळी, गार इंजिनावर या. आणि काच साबणानं धुतल्यावरही पुन्हा चिकट थर धरला असेल, तर ती आता पुसू नका. तशीच घेऊन या, त्या थराचा वास घेऊनच कूलंट आहे की नुसती धूळ हे कळतं.